चँडलर जोक कधी मारतो? एका सिटकॉम पात्राचा स्वभाव वाचताना

लोकलमध्ये हेडफोन लावून उभे असलेले, भांडी घासताना फोन ओट्यावर टेकवून ऐकणारे आणि "ऐकायला वेळ नाही, वाचायला दे" म्हणणारे, सगळ्यांचं स्वागत. हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार आहे. मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा पाहुणा खरा माणूस नाही. तो आहे चँडलर बिंग. 'फ्रेंड्स'मधला.

ज्यांनी 'फ्रेंड्स' पाहिलेली नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. ही अमेरिकन सिटकॉम एनबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर १९९४ ला सुरू झाली आणि ६ मे २००४ ला संपली. १० सीझन, २३६ भाग. न्यूयॉर्कमध्ये राहणारे सहा मित्र, दोन फ्लॅट, एक कॉफीचं दुकान. या सहांतला चँडलर म्हणजे सतत टोमणे मारणारा, स्वतःवरच विनोद करणारा, कुठल्याही गंभीर प्रसंगात पचकणारा मुलगा. मॅथ्यू पेरी या नटाने तो केला आणि त्याची बोलण्याची ढब इतकी गाजली की आपल्याकडच्या हॉस्टेलमधली पोरंसुद्धा तसं बोलायला लागली.

त्यातलाच एक मी.

ग्रुपमधला चँडलर

प्रत्येक ग्रुपमध्ये एक चँडलर असतो आणि आमच्या हॉस्टेलमध्ये तो मान माझ्याकडे होता. कुणीतरी पेन ड्राइव्हवर सगळे सीझन आणले होते, रात्र-रात्र जागून बघायचो आणि सकाळी लेक्चरला डोळे चोळत बसायचो. "तू अगदी चँडलर आहेस रे!" असं कुणी म्हटलं की छाती फुगायची.

एका रात्री आम्ही चौघं टपरीवर चहा पीत होतो. माझा रूममेट कपाकडे बघत म्हणाला, "बाबांची कंपनी बंद पडली रे. पुढच्या सेमचं काय होतंय बघू." दोन सेकंद कुणीच बोललं नाही. आणि मी म्हणालो, "चला, म्हणजे तुझ्या बायोपिकची सुरुवात झाली! चहाचे पैसे आजपासून उधार."

सगळे हसले. तोही हसला. विषय संपला.

पुढच्या सेमला त्याने हॉस्टेल सोडलं. लांबच्या एका नातेवाइकांकडे राहून रोज दीड-दोन तास प्रवास करायचा. का सोडलं, ते आम्हाला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. खूप वर्षांनी मी त्याला विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस? तो अगदी शांतपणे म्हणाला, "सांगितलं होतं की. तू जोक मारलास, मग मी हसलो. आणखी काय करणार होतो?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आज चँडलर. मला त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारायचाय. तो किती विनोद करतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो विनोद कधी करतो?

आठ तासांची परीक्षा आणि एक ओळ

आधी एक गंमत. व्यक्तिमत्त्व चाचण्यांची टिंगल 'फ्रेंड्स'ने पहिल्याच सीझनमध्ये केली होती. ऑफिसात बढती मिळते म्हटल्यावर चँडलर घाबरतो. बढती घेतली तर ही कंटाळवाणी नोकरीच आपली खरी नोकरी होईल, ही त्याची भीती. तो राजीनामा देतो, करिअर सल्लागाराकडे जातो, आठ तासांहून जास्त वेळ बुद्धिमत्तेच्या, कलाच्या, व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या देतो. निकाल काय? तर हा माणूस एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीत डेटा प्रोसेसिंगचं काम करायला अगदी योग्य आहे. म्हणजे जे काम सोडून आला तेच!

आपण हसतो, पण आपणही हेच करतो ना? इन्स्टाग्रामवर चार अक्षरांचा पर्सनॅलिटी टाइप बायोमध्ये टाकतो. "मी इंट्रोव्हर्ट आहे" म्हणून लग्नाला जायचं टाळतो. लेबल मिळालं की बरं वाटतं. पण त्या लेबलाने नवीन काय कळलं?

मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअॅडम्स यांनी यावर एक उपयोगी मांडणी केली आहे. माणूस ओळखायचा तर तीन पातळ्यांवर बघा. पहिली, त्याचे ढोबळ गुणविशेष. दुसरी, तो काय मिळवू बघतो, कशाला घाबरतो आणि त्यावर काय युक्त्या करतो. तिसरी, तो स्वतःच्या आयुष्याची काय गोष्ट स्वतःला सांगतो. मी याला तीन मजल्यांची इमारत म्हणतो. बहुतेक ऑनलाइन टेस्ट आपल्याला तळमजल्यावरून फिरवून परत पाठवतात. आपण वरपर्यंत जाऊ.

तळमजला: बिग फाइव्ह

१९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी एक वेडं काम केलं. इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश घेतला आणि माणसांचं वर्णन करणारे शब्द वेचून काढले. जवळजवळ १८ हजार निघाले! त्यामागची कल्पना साधी होती. स्वभावातला जो फरक लोकांना महत्त्वाचा वाटतो, त्यासाठी भाषेत शब्द तयार होतोच. आपल्या मराठीतच बघा ना: मनमिळाऊ, तिरसट, आतल्या गाठीचा, आगाऊ, भिडस्त, खवट, उडाणटप्पू. यातला प्रत्येक शब्द ऐकला की एखादा नातेवाईक डोळ्यांसमोर येतो की नाही?

पुढच्या संशोधकांनी अशा शब्दांचे गठ्ठे बांधत बांधत पाच मोठे गुणविशेष काढले. यालाच बिग फाइव्ह म्हणतात. नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा, कामातली शिस्त, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि पाचवा न्यूरोटिसिझम, म्हणजे मन किती लवकर चिंतेत, भीतीत, अस्वस्थतेत जातं ते. मुख्य म्हणजे इथे खाने नाहीत. प्रत्येक गुण प्रत्येकात असतो, फक्त कमी-जास्त.

आता चँडलरला मोजू. न्यूरोटिसिझम? खूप वर. हा माणूस काहीही चांगलं घडलं की ते कधी बिघडेल याचाच विचार करतो. बहिर्मुखता? इथे लोक फसतात. तो बोलतो भरपूर, पण अनोळखी मुलीशी बोलायचं म्हटलं की त्याची गाळण उडते. मी त्याला मध्यावर ठेवीन. कामातली शिस्त? बऱ्यापैकी वर. नोकरी आवडत नाही, तरी इमानेइतबारे करतो. ती नोकरी नेमकी काय आहे हे तर त्याच्या मैत्रिणींनाही माहीत नाही. चौथ्या सीझनमध्ये याच एका प्रश्नावर मोनिका आणि रेचेल पैजेत आपला फ्लॅट हरतात!

आणि जुळवून घेण्याची वृत्ती? टोमणे ऐकून वाटेल, कमी. पण सहाव्या सीझनमधला एक प्रसंग आठवा. चँडलर मोनिकाबरोबर राहायला जाणार असतो. मागे राहणाऱ्या जोईकडे पैसे नाहीत आणि तो मदत घेत नाही. मग चँडलर 'कप्स' नावाचा पत्त्यांचा खेळ तिथल्या तिथे शोधून काढतो, मनाला येतील ते नियम लावतो आणि मुद्दाम हरत जातो. जोई खूश, पैसे खिशात. (ते पैसे जोई लगेच रॉसकडे हरतो, तो भाग वेगळा.)

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. चांगुलपणा आहे, पण तो उघडपणे दाखवता येत नाही. त्यावर गमतीचं पांघरूण घालावं लागतं. आणि हे बिग फाइव्हच्या आकड्यांत दिसणार नाही. आकडे आपल्याला सरासरी सांगतात. एखाद्या गावात वर्षाला किती पाऊस पडतो हे सांगतात, पण तो कुठल्या महिन्यात पडतो ते नाही.

मधला मजला: जर आणि तर

इथे येतात वॉल्टर मिशेल. लहान मुलांसमोर मार्शमेलो ठेवून 'आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन घे' असा प्रयोग करणारे तेच. १९६८ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहून व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात खळबळ उडवली. त्यांचा मुद्दा असा, की एकाच माणसाचं वागणं वेगवेगळ्या परिस्थितीत इतकं बदलतं की नुसत्या गुणविशेषावरून पुढचं वागणं सांगणं अवघड आहे.

मग स्वभाव नावाची गोष्टच नाही का? आहे, पण वेगळ्या जागी आहे. पुढे मिशेल आणि युइची शोडा यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. दोन मुलं सारखीच भांडखोर. पण एक मूल भांडतं ते बरोबरीचं कुणी चिडवलं तर आणि दुसरं भांडतं ते मोठ्यांनी दटावलं तर. एकूण भांडणं मोजली तर दोघं सारखी. पण दोघांचा 'जर-तर' वेगळा आणि तो बऱ्यापैकी टिकून राहतो. तोच त्या मुलाचा शिक्का.

आता हे चँडलरला लावून बघा. मी काय केलं सांगतो. काही भाग पुन्हा पाहिले आणि चँडलरचा विनोद आला की पॉज करायचो. मग मागे जाऊन बघायचो, विनोदाच्या आधीच्या दहा सेकंदांत काय झालं? तुम्हीही करून बघा, मजा येते. काही विनोद नुसते मस्करीचे असतात, ते सोडून द्या. पण उरलेल्यांत एक ठरावीक जागा सारखी येते. कुणीतरी मनातलं काही बोललेलं असतं. कुणी रडवेलं झालेलं असतं. किंवा खोलीत शांतता पसरलेली असते आणि आता कुणीतरी खरं काहीतरी बोलायची वेळ आलेली असते.

जर जवळीक, तर विनोद. हा चँडलरचा शिक्का.

आणि टपरीवरची ती दोन सेकंदांची शांतता? तो माझा.

हे आलं कुठून?

चँडलर नऊ वर्षांचा असताना त्याच्या आईवडिलांनी घटस्फोट घेत असल्याचं सांगितलं. कधी? थँक्सगिव्हिंगच्या जेवणाच्या टेबलावर. अमेरिकेत हा दिवस म्हणजे सगळं कुटुंब एकत्र जमून जेवायचा दिवस. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला सगळे बसलेत आणि तेवढ्यात हे सांगितलं, अशी कल्पना करा. त्यानंतर चँडलर थँक्सगिव्हिंगचं जेवण जेवतच नाही. आई नोरा कामुक कादंबऱ्या लिहिणारी प्रसिद्ध लेखिका, टीव्हीवर झळकणारी. वडील लास व्हेगासमध्ये रंगमंचावर. या वडिलांना मालिकेने बऱ्याचदा हास्याचा विषय केलं. ते पात्र ट्रान्स होतं आणि आपण त्याच्याबद्दल चुकीच्या पद्धतीने बोलत राहिलो, हे निर्मात्या मार्था कॉफमन यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं आहे. चँडलरच्या बाजूने बघायचं तर मुद्दा एवढाच, की घरातली मोठी माणसं स्वतःच्या आयुष्यात गुंतलेली होती आणि मूल एकटं होतं.

इथे अटॅचमेंट थिअरी कामाला येते. जॉन बोल्बी यांनी मांडलं, की लहान मुलाला जवळच्या माणसाचा आधार हवा असणं ही अन्नाइतकीच मूलभूत गरज आहे. मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये यावर एक प्रयोग केला. साधारण वर्षाचं बाळ, त्याची आई, खेळणी असलेली एक खोली. आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. काही बाळं आई गेली की रडतात आणि ती आली की शांत होतात. काही आई आल्यावरही शांत होत नाहीत. आणि काही बाळं आईकडे बघतही नाहीत, खेळत राहतात, जणू काही झालंच नाही.

ती तिसरी बाळं मला फार चटका लावून जातात. कारण नंतरच्या संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले होते. चेहरा शांत, आत धडधड. वर्षाच्या पोराला हे जमतं.

१९८७ मध्ये सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी हीच कल्पना मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावली. त्यानंतर किम बार्थोलोम्यू यांनी एक चौथा प्रकार नीट वेगळा केला: ज्याला जवळीक हवीच असते, पण तिची भीतीही तितकीच वाटते. हा तर आपला चँडलर! जॅनिस आठवते? तिच्याशी ब्रेकअप, पुन्हा जवळीक, पुन्हा ब्रेकअप. एकदा तर "मला नको आहेस" हे तीन शब्द तोंडावर सांगता येत नाहीत म्हणून तो "कंपनी मला येमेनला पाठवतेय" असं ठोकून देतो. ती विमानतळावर सोडायला येते, हलायलाच तयार नाही आणि याला खरोखर विमानात बसावं लागतं. पोट दुखेपर्यंत हसतो आपण. पण थोडं थांबून बघा. एका अवघड संभाषणापासून पळायला हा माणूस दुसऱ्या देशात गेला.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. "आईवडिलांचा घटस्फोट झाला म्हणून असा झाला" हे सरळ गणित नाही. घटस्फोट पाहिलेली कितीतरी मुलं छान वाढतात आणि एकत्र राहणाऱ्या घरातही मुलं एकटी पडतात. सिटकॉमच्या लेखकाला एक कारण पुरतं. खऱ्या माणसाला पुरत नाही.

विनोद म्हणजे ढालच का?

मग विनोद वाईट का? अजिबात नाही. इथे जरा सावकाश जाऊ.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये विनोदावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची मुलगी अॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये मनाच्या बचाव यंत्रणांची नीट मांडणी केली. न झेपणाऱ्या भावनेपासून मन स्वतःला कसं वाचवतं, त्याचे हे प्रकार. पुढे जॉर्ज व्हेलंट यांनी या यंत्रणांना कच्च्या ते परिपक्व अशा क्रमाने लावलं आणि विनोदाला सगळ्यात वरच्या, परिपक्व गटात जागा दिली. का? कारण खरा विनोद दुःख नाकारत नाही. दुःख समोर ठेवतो आणि तरी थोडं हसू शकतो. विषय बदलण्यासाठी मारलेली कोटी वेगळी. ती दुःखाकडे बघूच देत नाही.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार पद्धती मांडल्या. एक, लोकांना जवळ आणणारा. दोन, एकट्याने संकट झेलताना स्वतःला सावरणारा. तीन, दुसऱ्याला टोचणारा. आणि चार, लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं म्हणून स्वतःलाच खाली पाडणारा. त्यांच्या अभ्यासात या चौथ्या प्रकाराचं नातं चिंता, नैराश्य आणि कमी आत्मसन्मान यांच्याशी दिसलं. कुठल्यामुळे कुठलं, हे त्यावरून ठरत नाही. पण दोन्ही एकत्र सापडतात.

सुरुवातीच्या सीझनमधला चँडलर तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात राहतो. रॉसला टोचणारे विनोद आणि त्याहून जास्त स्वतःला मारलेले. मी किती बावळट, मुली मला कशा टाळतात, मी असाच एकटा मरणार. ग्रुप हसतो. आणि कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुला खरंच असं वाटतं का?

स्वतःवर हसणारा माणूस मोठ्या मनाचा, असं आपल्याला शिकवलेलं असतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तो रोज त्याच जागी स्वतःला मारत असेल, तर तिथे दुखत असण्याची शक्यता आहे.

वरचा मजला: तो बदलला का?

हो आणि नाही. तीन प्रसंग बघू.

पहिला, चौथा सीझन, १९९७. चँडलर जोईच्या मैत्रिणीच्या, कॅथीच्या प्रेमात पडतो आणि तिचं चुंबन घेतो. जोई भयंकर दुखावतो. शिक्षा म्हणून चँडलर एका मोठ्या लाकडी पेटीत झोपतो. दिवस कुठला? पुन्हा थँक्सगिव्हिंग. कॅथी येते, तुमच्या मैत्रीच्या मध्ये मला यायचं नाही म्हणून निरोप घेते. पेटीतून एकही शब्द येत नाही. फक्त पेटीच्या भोकातून एक बोट बाहेर येतं आणि हलतं. ते बघून जोई विरघळतो. ज्या माणसाचं सगळं बळ जिभेत आहे, त्याच्यावर विश्वास बसतो तो जीभ बंद ठेवल्यावर.

दुसरा, सातव्या सीझनचा शेवट, २००१. मोनिकाशी लग्नाच्या आदल्या दिवशी चँडलर पळतो. निमित्त काय, तर आन्सरिंग मशीनवर 'द बिंग्ज' असा दोघांचा मिळून उल्लेख. 'बिंग कुटुंब' म्हटल्यावर त्याला जे आठवतं, ते थँक्सगिव्हिंगचं टेबल. त्याने स्वतःला सांगितलेली गोष्ट हीच आहे: बिंग कुटुंबं मोडतात. पण या वेळी तो परत येतो. मोनिका गरोदर आहे असा समज झाल्यावर पुन्हा घाबरतो, बाहेर जातो आणि बाळाचा एक इवलासा कपडा घेऊन येतो. एवढ्याशा कपड्यात मावणाऱ्याला काय घाबरायचं, असा विचार करून. भीती गेलेली नाही हे लक्षात घ्या. भीतीनंतरची पायरी बदललीय.

तिसरा, दहावा सीझन, २००४. चँडलर आणि मोनिका मूल दत्तक घ्यायला निघालेत. एजन्सीच्या गोंधळामुळे बाळाची आई एरिका त्यांना दुसरंच जोडपं समजते. खरं कळल्यावर ती चिडते. चँडलर तिच्यामागे जातो आणि मोनिकाबद्दल बोलतो. ही बाई मनाने आई झालेलीच आहे, फक्त तिच्याजवळ मूल नाही, अशा अर्थाचं. जागा तीच आहे. समोर दुखावलेलं माणूस, खोलीत ताण, खरं बोलायची वेळ. पहिल्या सीझनच्या चँडलरने इथे कोटी केली असती. हा बोलतो.

म्हणजे पाच गुणविशेष मोजले तर चँडलर दहा वर्षांत फार बदलला असं दिसणार नाही. चिंता तेव्हाही, आताही. बदलला तो त्याचा जर-तर. आणि मला वाटतं, आपल्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. "माझा स्वभावच असा आहे" हे अर्धं खरं असतं. धडधड आपल्या हातात नसेल. पण तिच्यानंतर तोंडातून काय बाहेर पडतं, तिथे थोडी जागा असते.

आणि विनोद संपत नाही, हे किती छान! अख्ख्या मालिकेचा शेवटचा संवाद चँडलरचाच आहे. रिकामा फ्लॅट, सगळ्यांचे डोळे भरलेले, रेचेल विचारते कॉफी प्यायला जाऊया का, आणि हा विचारतो, कुठे? दहा वर्षं एकाच दुकानात कॉफी प्यायलेल्या मित्रांना! पण आता कुणी रडणं लपवत नाहीय. सगळे रडतायत आणि हसतायत. हा पहिल्या प्रकारचा विनोद. जवळ आणणारा.

जाता जाता

एक गोष्ट सांगायलाच हवी. चँडलर हे पात्र आहे. लेखकांनी त्याला हवं तिथे वळवलं. खऱ्या माणसांचं असं पॉज करून निदान करायचं नसतं. मॅथ्यू पेरी यांनी २०२१ च्या 'फ्रेंड्स' रीयुनियनमध्ये सांगितलं, की प्रेक्षक हसले नाहीत तर आपण मरून जाऊ असं त्यांना चित्रीकरणाच्या वेळी वाटायचं. बाकीचे पाच जण त्यांच्या शेजारी रोज काम करत होते आणि त्यातल्या काहींना हे ठाऊकही नव्हतं. त्यांच्या व्यसनाशी चाललेल्या झगड्याबद्दल त्यांनी २०२२ मध्ये स्वतःच पुस्तक लिहिलं. २८ ऑक्टोबर २०२३ ला, ५४ व्या वर्षी ते गेले. मी त्यांच्या मनाचं विश्लेषण करणार नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त एवढंच, की हसवणाऱ्याला आपण फार कमी वेळा विचारतो.

आता माझ्या रूममेटचं. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. बाबा आजारी आहेत, म्हणाला. आणि विश्वास ठेवा, माझ्या तोंडातून अर्धा जोक बाहेर पडलासुद्धा! एवढी थिअरी वाचून! मी मध्येच थांबलो आणि म्हणालो, "थांब. हे चुकलं माझं. परत सांग." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने सुरुवातीपासून सांगितलं. मी काही शहाणपणाचं बोललो नाही, नुसतं "हं, हं" करत होतो. पाऊण तासाने फोन ठेवताना तोच म्हणाला, "चहाचे पैसे अजून उधार आहेत, लक्षात आहे ना?"

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. आपल्या ग्रुपमधल्या चँडलरचा पुढचा जोक ऐका, मनापासून हसा आणि मग मागचे दहा सेकंद आठवा. काही सापडलं तर सगळ्यांसमोर नको, नंतर एकट्यात विचारा. आणि ग्रुपमधला चँडलर तुम्हीच असाल, तर तुमचा जर-तर काय आहे ते मला जरूर कळवा. जोकमध्ये कळवलंत तरी चालेल, मी समजून घेईन.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, काळजी घ्या!